रंगाचा डबा उघडण्याआधी

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत. २२ वर्षे राहिलेले घर विकून मुलीच्या जवळ लहान घरात जायचे ठरवले आहे. गेल्या ५ महिन्यांत १४ जण घर पाहून गेले. सगळे ‘छान आहे, कळवतो’ म्हणाले. पण किमतीवरून घासाघीस एकानेही केली नाही आणि पुन्हा फोनही कोणाचा आला नाही. यजमानांचे म्हणणे असे की, स्वयंपाकघर नव्याने करून घेतल्याशिवाय हे घर जाणार नाही. आमच्या झोपण्याच्या खोलीत बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओल आली आहे. एजंट म्हणतात, तिच्यावर रंग मारा, पुढे कपाट सरकवा आणि बाकी काही करू नका. तिसऱ्या खोलीत यजमानांचे जुने रेडिओ आहेत. दुरुस्तीची ही हौस त्यांनी वर्षानुवर्षे जपली आहे, पण आता त्या खोलीत पाय ठेवायलाही जागा उरलेली नाही आणि त्यावरून आमचे रोज खटके उडतात. शिवाय कोणी घर पाहायला आले की हे त्यांच्यासोबत प्रत्येक खोलीत जाऊन सतत बोलत राहतात. नेमके काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे कृपया सांगा.

– एक वाचक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘छान आहे, कळवतो’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. ज्याला घर मनापासून घ्यायचे आहे तो प्रश्न विचारतो, उणीदुणी काढतो, किंमत पाडून मागतो. ज्याचे मन आधीच उडाले आहे तो मात्र नम्रपणे निरोप घेतो, कारण दुसऱ्याच्या राहत्या घरात उभे राहून त्या घरातले दोष बोलून दाखवणे कोणालाही जड जाते. १४ पैकी एकानेही किमतीचा विषय काढला नाही, याचा अर्थ मी असा लावते की गाडी किमतीपर्यंत पोहोचण्याआधीच, बहुधा आतल्या एखाद्या खोलीत, अडत असावी. म्हणून क्रमाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. सर्वांत प्रथम ओल, त्यानंतर पसारा, मग स्वच्छता आणि उजेड, मग छायाचित्रे. स्वयंपाकघराचा विचार सगळ्यांच्या शेवटी करा, आणि तेव्हाही ते नव्याने करण्याचा विचार करू नका.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट तुम्ही दोघांनी मिळून करावी, असे मला वाटते. २२ वर्षे एकाच घरात राहिलेल्या माणसाला ते घर पाहुण्याच्या नजरेने दिसत नाही, यात त्याचा काही दोष नसतो. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन ते विकायला सांगितले होते आणि बाकीच्यांना तेच मग विकत घ्यायला सांगितले होते. ज्यांच्या हातात मग काही मिनिटांपूर्वीच आला होता, त्यांनी घेणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक किंमत मागितली. काही मिनिटांच्या मालकीने एवढा फरक पडत असेल, तर जिथे मूल वाढवले, आजारपणे काढली आणि पै-पाहुणे सांभाळले त्या घराबाबत आपली नजर किती बदलत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. यावर उपाय साधा आहे. एखाद्या दिवशी घर बंद करून तीन-चार तास बाहेर राहा. परत येताना हातात वही घ्या आणि फाटकापासून आत शिरेपर्यंत व नंतर प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबून, पहिल्या नजरेत जे दिसेल, ऐकू येईल आणि नाकाला जाणवेल ते तिथल्या तिथे लिहून काढा. वासाच्या बाबतीत तर घाई करायलाच हवी, कारण आपले नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांतच सरावते आणि मग तो वास आपल्यापुरता नाहीसा होतो; पाहुण्यापुरता मात्र तो तिथेच असतो. तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या वह्या कराव्यात आणि शेवटी त्या ताडून पाहाव्यात. दोन्ही वह्यांत आलेल्या गोष्टींपासून कामाला सुरुवात करा, म्हणजे वादालाही फारशी जागा राहणार नाही.

आता ओलीबद्दल. या मुद्द्यावर मी एजंटांशी पूर्णपणे असहमत आहे, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी मी घर शोधत होते तेव्हा एका खोलीत चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला आणि तिच्यासमोरचे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे उभे होते. मी सहज त्या फटीत हात घातला. भिंत गार आणि चिकट लागली, आणि नख टेकताच रंगाचा पापुद्रा सुटून बोटावर आला. ती ओल काही फार मोठी नव्हती, दुरुस्तही झाली असती. पण त्या क्षणानंतर त्या घरातली प्रत्येक वस्तू मी संशयाने पाहू लागले. वायरिंग कसे असेल, छतावरून पाणी झिरपत असेल का, आणखी काय झाकले असेल, असे प्रश्न मनात येत राहिले आणि त्यातला एकही मी विचारला नाही. ‘छान आहे, कळवते’ असे म्हणून मी निघाले.

या मानसिकतेमागचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडला, आणि पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारात या मांडणीचा मोठा वाटा होता. विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. चांगली वस्तू कोणती आणि वाईट कोणती हे ओळखता येत नसल्यामुळे घेणारा सगळ्याच वस्तूंना वाईट धरून चालतो आणि कमी किंमत देऊ करतो, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याचेही नुकसान होते. घर तर मोटारीपेक्षा कितीतरी मोठा व्यवहार आहे. म्हणून दोष झाकण्यात नव्हे, तर तो दुरुस्त करून त्याचा पुरावा हातात ठेवण्यात तुमचा फायदा आहे. शिवाय माहीत असलेला दोष लपवून केलेली विक्री अनेक देशांच्या कायद्यांनुसार नंतर विक्रेत्याच्या अंगावर येऊ शकते, हेही एजंटांना सांगा.

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय मात्र भिंतीला हात लावू नका. आधी कपाट बाजूला करून सुटलेले पोपडे खरवडून काढा. मग फूटभर लांबीरुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करा आणि एक-दोन दिवस तो तसाच राहू द्या. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे खोलीच्या बाजूला धरले, तर खोलीतल्या हवेतलाच दमटपणा गार भिंतीवर साचत आहे. अशा वेळी खोलीत हवा खेळती ठेवणे, कपाट भिंतीपासून दूर ठेवणे आणि बाथरूमचा पंखा चालू ठेवणे यांनी बराच फरक पडतो. घरातल्या हवेची आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर बुरशीही सहसा धरत नाही. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला दिसले, तर पाणी भिंतीच्या पोटातून येत आहे. तुमची भिंत बाथरूमला लागून आहे, त्यामुळे मला ही दुसरी शक्यता अधिक वाटते.

मग पुढची परीक्षा करा. ओलीच्या डागाची कड पेन्सिलीने आखा, शेजारी तारीख लिहा आणि आठवडाभर ते बाथरूम अंघोळीसाठी वापरू नका. डागाच्या कडा आतल्या बाजूने वाळू लागल्या, तर वापराचे पाणी फरशांच्या उघड्या पडलेल्या सांध्यांतून किंवा सांडपाण्याच्या नळीजवळून मुरत असावे. हे काम तुलनेने सोपे आहे. वापर बंद ठेवूनही डाग आखलेल्या रेषेच्या पुढे सरकला, तर भिंतीतल्या, सतत पाणी भरलेल्या नळाला गळती असण्याची शक्यता मोठी. घराला पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणीही पाणी वापरण्याआधी तो पुन्हा पाहा. एवढी माहिती हातात असताना प्लंबरला बोलावले, म्हणजे तो अंदाजाने चार ठिकाणी भिंत फोडणार नाही.

दुरुस्तीनंतरचा टप्पा सर्वांत कठीण आहे, कारण त्यात काहीच करायचे नसते. फक्त थांबायचे असते. पाण्याने भरलेली भिंत वाळायला जाडीच्या दर इंचामागे सुमारे एक महिना, असा ढोबळ अंदाज बांधकामात धरला जातो. तुमची भिंत पूर्ण भिजलेली नसेल तर इतका वेळ लागणार नाही, पण चार दिवसांत उरकू असेही म्हणू नका. या काळात भिंतीवर पांढरी भुकटी येईल. तो लोणा, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार आहेत. तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर तेच क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. भिंत खणखणीत कोरडी झाल्यावर प्रायमर आणि मग रंग, आणि तोही डागापुरता नव्हे तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीला द्यावा. ठिगळासारखा दिलेला रंग दिव्याच्या उजेडात लगेच ओळखू येतो. रंगाचे काम पहिल्या भेटीच्या किमान दोन आठवडे आधी संपवा, म्हणजे घर पाहायला येणाऱ्याला रंगाचा वास येणार नाही.

वासाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक ठिकाण तपासा. मुलगी गेल्यापासून तुमचे एखादे बाथरूम वापरात नसेल, तर तिथे गटारासारखा वास येत असण्याची शक्यता आहे. जमिनीतल्या जाळीखाली नळीला जे वळण असते त्यात थोडे पाणी कायम साठलेले असते आणि तेच पाणी गटारातला वायू घरात येण्यापासून अडवते. बाथरूम काही आठवडे वापरले नाही की ते पाणी वाळते आणि वायूला वाट मोकळी मिळते. आठवड्यातून एकदा त्या जाळीत आणि बेसिनमध्ये दोन तांबे पाणी ओतले की काम होते. या वासावर उपाय म्हणून सुगंधी फवारे मारणे मात्र टाळा. उग्र सुगंध नाकाला लागला की पाहुणा पहिला प्रश्न मनात विचारतो तो हाच, की हा कशावर मारला आहे.

आता तिसरी खोली, आणि इथे मी जरा सावकाशीने लिहिणार आहे, कारण हा प्रश्न केवळ पसाऱ्याचा नाही. उघडलेले लाकडी कॅबिनेट, काचेच्या डब्यातले व्हॉल्व्ह, तारांची वेटोळी, सोल्डरिंगच्या धुराने पिवळसर झालेला टेबलाचा कोपरा, हे सगळे तुम्हाला अडगळ वाटत असले तरी यजमानांच्या दृष्टीने ते वर्षानुवर्षांचे काम आहे. त्या कामाला ‘भंगार’ म्हटले की खोली रिकामी होणे दूरच राहते आणि भांडण तेवढे पक्के होते. त्याउलट घेणाऱ्याची अडचण त्यांच्यापुढे मोकळेपणाने ठेवा. तुम्ही तीन खोल्यांची किंमत मागत आहात, पण ज्या खोलीची जमीन आणि चार कोपरे दिसत नाहीत ती खोली घेणारा हिशेबात धरतच नाही. त्याच्या लेखी घर दोन खोल्यांचे राहते आणि तिसरी जागा ‘साफ करायची बाकी’ एवढीच उरते. शिवाय लहान घरात जाताना या रेडिओंची निवड कधी तरी करावीच लागणार आहे. ती घाईघाईत, सामानाचा ट्रक दारात उभा असताना करण्यापेक्षा आता करणे त्यांच्याही भल्याचे आहे.

पद्धत त्यांच्यावर सोपवा, फक्त मुदत ठरवून घ्या. प्रत्येक रेडिओचा आतून-बाहेरून फोटो काढावा, त्याचे सुटे भाग त्याच्याच खोक्यात ठेवावेत आणि खोक्यावर आतल्या वस्तूंची चिठ्ठी लावावी, म्हणजे नव्या घरात शोधाशोध होणार नाही. जे सोबत येणार नाहीत ते या छंदातल्या दुसऱ्या माणसाला द्यावेत. जाणकाराच्या हाती गेले याचे समाधान त्यांना राहील. भरलेली खोकी काही काळ एखाद्या नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या साठवणुकीच्या जागेत हलवा. दुसऱ्या खोलीत रचून ठेवू नका, कारण मग अडचण सुटत नाही, फक्त तिची खोली बदलते. भिंत वाळण्याचे आठवडे या कामासाठी अगदी योग्य आहेत. शेवटी त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा आणि त्यांनी स्वतः निवडलेला, पुसून लख्ख केलेला, चालू स्थितीतला एक रेडिओ एवढेच राहू द्या. मग ती ‘कामाची खोली’ म्हणून ओळखू येईल, आणि घरून काम करणाऱ्याला किंवा मुलांच्या अभ्यासासाठी जागा शोधणाऱ्याला तिथे आपले टेबल दिसू लागेल.

बाकीच्या घरात इतके खोलात जावे लागणार नाही. भिंतीतली कपाटे घेणारा माणूस उघडून पाहतोच, आणि त्याने ती पाहावीतच, कारण ती घरासोबत त्याला मिळणार आहेत. म्हणून प्रत्येक कपाटातला निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. ठासून भरलेले कपाट ‘या घरात जागा पुरत नाही’ असेच सांगते. चालण्याच्या वाटेत ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशा बेताने फर्निचर लावा, आणि त्यासाठी बैठकीच्या खोलीतली एखादी खुर्ची किंवा टेबल काढावे लागले तर खुशाल काढा. कुटुंबाचे फोटो, प्रशस्तिपत्रे आणि उशाजवळची औषधे आवरून ठेवा. यात काही लपवायचे आहे म्हणून नव्हे. परक्या माणसाची नजर चेहऱ्यांवर जाऊन थांबते आणि मग त्याला आपण कोणाच्या तरी घरात आगंतुक आलो आहोत असे वाटत राहते. त्याने तिथे स्वतःचे सामान मनातल्या मनात मांडून पाहावे अशी आपली इच्छा आहे, तेव्हा त्याला तेवढी मोकळीक द्यायला हवी. मात्र घर अगदी रिकामे करण्याच्या टोकालाही जाऊ नका. पलंग नसलेल्या खोलीत पलंग मावेल की नाही याचा अंदाज बहुतेकांना येत नाही.

उजेडासाठी खर्च जवळपास नाही, पण परिणाम मोठा आहे. जाड पडदे उतरवा, खिडक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी धुवा आणि जाळ्याही काढून धुवा, कारण वर्षानुवर्षांची धूळ बसलेली जाळी बराच उजेड अडवते. दिव्यांच्या बाबतीत एक चूक फार घरांत दिसते. एक दिवा गेला की हाताला लागेल तो दुसरा लावला जातो, आणि काही वर्षांनी एकाच खोलीत पिवळसर आणि निळसर असे दोन प्रकारचे प्रकाश पडू लागतात, त्यामुळे एकच भिंत दोन रंगांची भासते. दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाची रंगछटा सांगणारा आकडा केल्विन या एककात लिहिलेला असतो. बसण्याच्या आणि झोपण्याच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे उबदार दिवे आणि स्वयंपाकघरात ४००० च्या आसपासचे दिवे लावा. ६५०० चा निळसर पांढरा प्रकाश बैठकीच्या खोलीत रुक्ष वाटतो.

स्वयंपाकघराबद्दल यजमानांची तळमळ मला समजते. सगळ्यांत जुने दिसणारे काम तिथेच असते आणि पैसे खर्च केले की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. तरीही संपूर्ण नवे स्वयंपाकघर विक्रीसाठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही निवडलेला रंग आणि तुम्ही निवडलेली मांडणी घेणाऱ्याला आवडेलच असे नाही, आणि न आवडलेल्या नव्या कामाचे पैसे तो आनंदाने देत नाही. उलट ‘इतके नवे काम फोडायचे कसे’ या विचाराने तो अडखळतो. आहे तेच ठाकठीक करा. सिंकच्या कडेचे सिलिकॉन काळे पडले असेल तर ते कापून काढून नवे भरून घ्या. फरशांच्या सांध्यांतली चिकट काजळी घासून काढा आणि सांधे नव्याने भरा. गळणारा नळ दुरुस्त करा. सैल झालेल्या बिजागऱ्या आवळा, कपाटांच्या मुठी बदला, धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी तेलकट असेल तर गरम पाण्यात भिजवून स्वच्छ करा आणि ओट्यावर दोन-तीन वस्तूंपलीकडे काही ठेवू नका. असुरक्षित वायरिंग किंवा मोडकळीला आलेला ओटा असेल तर ती सजावट राहत नाही, ती दुरुस्ती आहे, आणि ती जरूर करा.

सजावटीवर किती खर्च करावा या प्रश्नालाही हेच उत्तर लागू पडते. विक्रीसाठी घर सजवून मांडण्याच्या या कामाला आता ‘होम स्टेजिंग’ म्हणतात आणि काही ठिकाणी तो स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. लेन आणि दोन सायलर अशा तीन संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच घर भिंतींचे रंग आणि फर्निचर बदलून संभाव्य खरेदीदारांना दाखवले गेले. सौम्य रंग आणि चांगले फर्निचर असताना ते घर राहण्याजोगे असल्याची भावना वाढली, घराबद्दलचे एकूण मतही सुधारले, पण लोक जी किंमत मोजायला तयार होते तिच्यात लक्षणीय फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष व्यवहाराशी जुळणारा वाटतो. सजावटीने माणूस घरात रमतो, पुन्हा पाहायला येतो, तुमचे घर त्याच्या लक्षात राहते. पण उसने किमती फर्निचर आणून ते पैसे किमतीत वसूल होतील या आशेवर राहू नये. तुमचा खर्च प्लंबर, स्वच्छता आणि गरज असेल तिथे फिकट, उबदार पांढरा रंग एवढ्यावर थांबला तर उत्तम.

हे सगळे झाल्यावरच छायाचित्रे काढा, आणि जाहिरातीत सध्या असलेली जुनी छायाचित्रे काढून टाका. बहुतेक लोक घर पहिल्यांदा फोनच्या पडद्यावरच पाहतात. दिवसा, पडदे उघडून, फोन आडवा धरून, छातीच्या उंचीवरून आणि भिंतींच्या उभ्या रेषा सरळ येतील असे फोटो घ्या. फोनमधली अतिरुंद लेन्स वापरू नका. तिच्यात खोली मोठी दिसते खरी, पण प्रत्यक्ष आल्यावर तीच खोली लहान भासते आणि फसवणूक झाल्याची भावना घेऊनच माणूस घरात फिरतो. फोटोत किल्ल्या, नावाची कागदपत्रे किंवा मौल्यवान वस्तू दिसत नाहीत ना, याची खात्री करा. प्रत्यक्ष भेटींच्या दिवशीही दागिने, औषधे आणि महत्त्वाची कागदपत्रे कुलपात असावीत.

राहिला यजमानांच्या बोलण्याचा प्रश्न. ते बोलतात ते आपुलकीने बोलतात, यात मला शंका नाही, पण मालक शेजारी उभा असताना पती-पत्नी एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकत नाहीत. ‘इथे आईचा पलंग राहील का’ हे वाक्य त्यांनी उच्चारणे तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, आणि ते तुमच्यासमोर उच्चारले जाणार नाही. म्हणून भेटीच्या वेळी दार एजंटांनी उघडावे आणि तुम्ही दोघांनी अर्धा-पाऊण तास फिरायला जावे. घरी थांबणे भागच असेल तर एका जागी बसून राहावे आणि विचारल्यावरच उत्तर द्यावे.

मात्र यजमानांना नुसते गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांना जे ठाऊक आहे ते खरोखर उपयोगाचे आहे. त्यांना एक वही करायला सांगा. पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे, कोणत्या स्विचवर कोणत्या खोलीची वीज आहे, छताची दुरुस्ती कधी केली, पाण्याची टाकी कधी बदलली, सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून येते, कोणती खिडकी जोराच्या पावसात बंद ठेवावी लागते, हे सारे त्यांनी स्वतःच्या अक्षरात, तारखांसह लिहावे आणि पावत्या मागे जोडाव्यात. ही वही बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर उघडी ठेवा. तिच्या पहिल्या पानावर झोपण्याच्या खोलीतल्या त्या भिंतीचीच नोंद येऊ द्या. पेन्सिलीने आखलेल्या डागाचा फोटो, गळती कुठे सापडली, प्लंबरने काय बदलले, भिंत किती आठवडे वाळू दिली आणि रंग कोणत्या तारखेला दिला, हे सगळे त्यात असावे. त्या भिंतीसमोर मात्र कपाट ठेवू नका. ज्याला हात लावून पाहायचे असेल त्याला लावू द्या.